सव्वा महिन्याचं पथ्य

२ डिसेंबर, सोमवार

आज पाचवा दिवस, पोट साफ नाही. हे कुठेतरी लिहायला हवं, कारण बोलायला या घरात जागा नाही.

बाळंत होऊन नववा दिवस. मुलगी. सव्वातीन किलो. टाके सात. माझं हिमोग्लोबिन आठ पूर्णांक सहा—सुटी देताना नर्सने कागदावर लाल पेनाने गोल केला होता आणि लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या गोळ्यांनी पोट आणखीच दगड झालंय. गोळी घ्यावी तर हे, न घ्यावी तर चक्कर.

खोलीची खिडकी बंद आहे. कानात कापूस, डोक्याला रुमाल, बाजेखाली शेगडी. सकाळी सहाला अळीव आणि गुळाची खीर. आठला डिंकाचा लाडू. अकराला बाजरीची भाकरी तुपात कालवून. चारला पुन्हा लाडू. संध्याकाळी पुन्हा भाकरी-तूप. भाजी नाही, डाळ नाही, फळ नाही. पाणी दिवसाचं चार पेले, ओवा घालून उकळलेलं. पाचवा मागितला तर आत्याबाई म्हणतात, "अंग सुटतं पाण्यानं."

आत्याबाई म्हणजे माझ्या नवऱ्याची, भूषणची आई. त्या वाईट नाहीत हो! तोच तर त्रास आहे. वाईट असत्या तर भांडता आलं असतं. पहाटे चारला उठून माझ्यासाठी बाजरी दळतात. माझी माय दोन वर्षांपूर्वी गेली, म्हणून बाळंतपणाला धुळ्याला माहेरी न जाता इथे दोंडाईच्यालाच थांबले. त्यांनी स्वतःहून सांगितलं, मी आहे ना. आणि त्या आहेत. चोवीस तास आहेत.

३ डिसेंबर, मंगळवार

झालं. रक्त आलं. ओरडू नये म्हणून टॉवेल दातात धरला होता.

५ डिसेंबर, गुरुवार

बारसं. घर भरलं होतं. माझे सासरे, हिलाल नाना, मिरचीचे व्यापारी. त्यांच्या गादीवरची माणसंसुद्धा जेवून गेली. अंगणात मिरचीचा वास, आत धुरीचा. नाव कुंदाबाईंनी ठेवलं—ईश्वरी. कुंदाबाई म्हणजे आत्याबाईंच्या थोरल्या जाऊ. भूषण त्यांना मोठी आई म्हणतो.

सगळ्या बायका पाळण्याभोवती गात होत्या. मी भिंतीला टेकून बसले होते, एका बाजूवर, कारण सरळ बसवत नाही. सगळ्या म्हणत होत्या, आईसारखी दिसते. मी बघितलं. मला कोणासारखीच दिसली नाही. शेजारच्या घरातलं बाळ दोन तास सांभाळायला दिलंय, संध्याकाळी न्यायला येतील, असं काहीतरी वाटत होतं.

कोणी न्यायला आलं नाही.

८ डिसेंबर, रविवार

भूषण काल आला होता. तो वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत आहे. शनिवारी गाडीने येतो, रविवारी संध्याकाळच्या गाडीने भुसावळकडे परत.

आत्याबाई अंघोळीला गेल्या तेव्हा सांगितलं त्याला. सगळंच सांगणार होते. पण तोंडातून निघालं ते एवढंच की पोटाचा त्रास होतोय, आईंना सांग मला भाजी द्या, पाणी द्या. तो लाजला. बायकोच्या संडासाबद्दल आईशी बोलायचं म्हणजे काय! मग म्हणाला, "अगं, सव्वा महिन्याचाच प्रश्न आहे. तिच्या मनासारखं होऊ दे."

दुसरं जे सांगायचं होतं—की मी रोज सकाळी डोळे उघडले की आधी मला रडू येतं आणि का ते कळत नाही—ते सांगितलंच नाही. पहिल्याला एवढा लाजला, तर दुसऱ्याला काय करेल?

जाताना मुलीच्या कपाळाला ओठ लावले त्याने. किती सहज! मला हेवा वाटला.

११ डिसेंबर, बुधवार

दुपारी आत्याबाई जरा आडव्या झाल्यात. तासभर आहे.

आज चमेलीबाई आठवली. मी शिरपूरकडे मुख्यसेविका आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या तेवीस अंगणवाड्या माझ्याकडे. आहार हाच माझा विषय. ताटात रंग किती हवेत, पाणी किती, बाळंतिणीला डाळ-भाजी का हवी, हे मी पाड्यापाड्यावर तक्ता लावून बोलले आहे. माझं बोलणं चांगलं आहे असं साहेब म्हणायचे.

चमेलीबाई दुसऱ्यांदा बाळंत झालेली. महिनाभर नुसती ज्वारीची भाकर आणि मीठ-मिरची खात होती. परसात शेवग्याचं झाड होतं, पाल्याने लगडलेलं. मी तिला सगळ्यांसमोर बोलले. म्हटलं, दारात औषध उभं आहे आणि तू मिरची चाटत बसतेस? बाळाची आई ना तू?

ती हळूच म्हणाली, "बाई, चूल माझी नाही."

मी रजिस्टरमध्ये लिहिलं—समुपदेशन केले. लाभार्थी सहकार्य करीत नाही.

आज माझी चूल माझी नाही. मला बीएससीची डिग्री आहे, सरकारी नोकरी आहे, आणि पाचवा पेला पाण्याचा मागायला मला धीर होत नाही.

१२ डिसेंबर, गुरुवार

लाडवाचा वास आला तरी उमळून येतं. खाल्ला. आत्याबाई बघत उभ्या होत्या.

१४ डिसेंबर, शनिवार

भूषणला परवाच फोनवर सांगितलं होतं, चोरून केळी आण. जळगाव जिल्ह्यातून येतो माणूस, दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, आणि त्याच्या बायकोला केळं चोरून खावं लागतं! त्याने डब्याच्या पिशवीत तीन आणली, वर्तमानपत्रात गुंडाळून. हसत होता. त्याला मजा वाटली.

बाथरूममध्ये उभ्यानेच दोन खाल्ली. इतक्या घाईने की चव कळली नाही. तिसरं गादीखाली.

१५ डिसेंबर, रविवार

सालं सापडली. बादलीमागे ठेवली होती, विसरले.

मला वाटलं, आता आकाशपाताळ एक करतील. पण त्या सालं हातात धरून बाजेच्या कडेला बसल्या. भूषणला बोलावलं नाही, नानांना सांगितलं नाही. फक्त एवढंच विचारलं, "कितलं खाधं?"

दोन, म्हटलं.

"आणि झोप? झोप लागस ना तुले?"

मला प्रश्नच कळला नाही. केळ्याचा आणि झोपेचा काय संबंध? लागते, म्हणून सांगितलं. खोटंच. मुलगी झोपते तेव्हाही मी जागीच असते.

त्या दिवसभर खोलीतून हलल्या नाहीत. स्वतः जेवल्या नाहीत. मी कूस बदलली तरी मान वर करून बघायच्या. पहारा! भूषण संध्याकाळी निघून गेला. गाडीची वेळ झाली म्हणे.

१६ डिसेंबर, सोमवार

काल संध्याकाळपासून मुलीचं पोट फुगलं. तीन तास रडली. पाय पोटाशी घेऊन, लालबुंद होऊन. हिंग लावला, शेकलं, तरी थांबेना. शेवटी दमून झोपली.

कोणी मला काही म्हणालं नाही. म्हणायची गरजच नव्हती.

मला माहीत आहे की दोन केळ्यांनी असं होत नाही. तीन आठवड्यांची मुलं संध्याकाळी अशी रडतात, हे मी स्वतः शिकवलंय. पण तीन तास ते रडणं कानात घेतल्यावर माहीत असलेलं काही शिल्लक राहत नाही. मला वाटलं, मीच केलं. माझ्या जिभेपायी केलं. तिसरं केळं मी स्वतःच काढून आत्याबाईंच्या हातात दिलं.

आजपासून त्या देतील ते आणि तेवढंच.

१८ डिसेंबर, बुधवार

गच्चीवर जायचं नाही. मुलीला घेऊन तर नाहीच. असं मी मलाच बजावलंय. का, ते इथेही लिहिणार नाही.

२१ डिसेंबर, शनिवार

सुनिता आली होती! माझ्या तेवीस सेविकांपैकी एक, पाड्यावरची. दोन एसट्या बदलून आली. मुलीसाठी झबलं, माझ्यासाठी नागलीची पोतडी. ती आत्याबाईंनी लगेच आत नेऊन ठेवली.

सुनिता बोलता बोलता माझ्याकडे बघत होती. मग आत्याबाई चहा करायला गेल्या तेव्हा तिने सरळ विचारलं, "मॅडम, गेल्या दोन आठवड्यांत मन उदास वाटतं का? नेहमी आवडायचं त्यातही मन लागत नाही, असं होतं का?"

हे दोन प्रश्न मीच तिला शिकवलेत. गेल्या वर्षीच्या प्रशिक्षणात. हेही शिकवलंय की विचारताना घाई करू नका, बाईच्या उत्तराची वाट बघा. तिने वाट बघितली.

मी म्हटलं, "छे गं, मस्त चाललंय. जरा जागरण होतं एवढंच."

का म्हटलं असं? कारण मी मॅडम आहे. सोमवारी बीटभर, तेवीसही अंगणवाड्यांत झालं असतं की मॅडमच वेड्या झाल्या. आणि दुसरं कारण—हो म्हटलं असतं तर पुढचे प्रश्न आले असते. पुढचे प्रश्न मला पाठ आहेत.

सुनिता निघाली. दारात चपला घालताना म्हणाली, "मॅडम, तुम्हीच म्हणता ना, पहिल्यांदा विचारलं की बाई नाहीच म्हणते. मी परत फोन करेन."

२३ डिसेंबर, सोमवार

सुनिताचा फोन आला. उचलला नाही.

२४ डिसेंबर, मंगळवार

आज एक महिना. मुलीला तीट लावून फोटो काढला आत्याबाईंनी. भूषणला पाठवला. त्याने लाल बदाम पाठवले, सात-आठ. फोटोत माझा हात आहे फक्त. हात बरा दिसतो.

२६ डिसेंबर, गुरुवार

हे आज लिहिलं नाही तर उद्या मलाच खोटं वाटेल. म्हणून सगळं लिहिते.

सकाळी मुलगी रडायला लागली. दूध पाजलं, रडतेच. दुपटं बदललं, रडतेच. मी तिला बाजेवर ठेवलं, बाथरूममध्ये गेले आणि कडी लावली. पोटासाठी नाही. नुसतीच बसले, ओल्या फरशीवर. बाहेर ती रडत होती आणि मला ते लांबून, दुसऱ्या गल्लीतून आल्यासारखं ऐकू येत होतं. किती वेळ गेला माहीत नाही. आत्याबाई म्हणतात पाऊण तास.

त्यांनी दार वाजवलं. आधी हळू, मग जोरात. मी उघडलं. मुलगी त्यांच्या खांद्यावर होती, झोपलेली. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आत्याबाई, मला ही नको. कोणाला तरी द्या. मी चांगली नाही."

मला वाटलं थोबाडीत मारतील. मारली असती तर बरं वाटलं असतं.

त्यांनी नानांना हाक मारली. मुलगी त्यांच्याकडे दिली. सांगितलं, पुढच्या खोलीत घेऊन बसा आणि कोणाला आत पाठवू नका. मग दार लावून घेतलं आणि माझ्यासमोर जमिनीवरच बसल्या. पदराचं टोक दुमडत बोलल्या. त्या माझ्याशी एरवी पुस्तकी मराठीत बोलायचा प्रयत्न करतात, मी शिकलेली म्हणून. आज तो पुरताच सोडून दिला.

"भूषण झाया तवय माले बी तो नको वाटे," म्हणाल्या. "त्यान्हाकडे देखू नको वाटे. दूध पाजू नको वाटे. माले वाटे, मीच मरी जावं."

भूषण वीस दिवसांचा होता. यांना झोप लागेना. बसल्या जागी रडायच्या, मग रडणंही थांबलं. एकदा त्याला ओट्यावर ठेवून शेताकडे चालत निघून गेल्या. लोकांनी आणलं. सगळे म्हणाले, बाहेरचं लागलं. भगताकडे नेलं. मिरचीची धुरी दिली—कोंडून, खोलीत. मग त्यांना माहेरी पाठवून दिलं, पोराशिवाय. आठ महिने. भूषणला कुंदाबाईंनी वाढवला. परत आल्या तेव्हा तो कुंदाबाईंनाच आई म्हणत होता. यांच्याकडे यायचा नाही. रडायचा.

मी विचारलं, भूषणला माहीत आहे?

मान हलवली. नाही.

मग म्हणाल्या की हे सगळं कशाने झालं, ते त्यांना पक्कं माहीत आहे. बाळंतपणात उन्हाळा होता. जीव तहानला म्हणून त्या चोरून ताक प्यायल्या. आणि केळं खाल्लं. थंड खाल्लं, ते डोक्यात गेलं. त्यांच्या सासूने तसं सांगितलं होतं, आणि पुढे जन्मभर ऐकवलं.

"तुन्हं बी तसं व्हवाले नको म्हणीसन मी इतलं सांभाळू," म्हणाल्या. "पाणी देऊ नही, भाजी देऊ नही. तरी व्हयनंच का वं बाई?"

म्हणजे पहारा माझ्यावर नव्हता. त्या माझ्या पोटाच्या दारात उभ्या होत्या, ते जुनं दुखणं आत शिरू नये म्हणून. महिनाभर. चार पेले पाणी मोजून.

मी म्हटलं, आत्याबाई, ताकाने नाही होत असं. हा आजार आहे. याला औषध आहे. तेव्हाही तुमचं काही चुकलं नव्हतं.

पटलं नाही त्यांना. तोंडावर दिसतच होतं. पण उठल्या, आत गेल्या आणि तांब्याभर पाणी आणलं. साधं, माठातलं. माझ्यासमोर धरलं. मी सगळं प्यायले. त्या बघत होत्या, जणू मी विष पितेय.

मग म्हणाल्या, "कोठे जावानं ते सांग. मी येस."

२७ डिसेंबर, शुक्रवार

सुनिताला मी फोन केला. म्हटलं, शनिवारी विचारलेलं परत विचार. तिने परत विचारलं. या वेळी दोन्हीला हो म्हटलं. पुढचे प्रश्नही विचारले तिने, सगळे, एकही न गाळता. शेवटच्याला तिचा आवाज बारीक झाला, पण विचारला. मी गच्चीचं सांगितलं.

ती म्हणाली, मॅडम, आजपासून एकट्या राहू नका, आणि धुळ्याला लवकरात लवकर. पाच मिनिटांत तिथल्या सरकारी दवाखान्याचा नंबर पाठवला, खोली क्रमांकासकट. मी गच्चीचं आत्याबाईंनाही सांगितलं. त्यांनी गच्चीच्या दाराला कुलूप लावलं. किल्ली नानांच्या खिशात. त्यांची बाज माझ्या बाजेशेजारी आली.

चांगलं शिकवलंय मी सुनिताला.

२८ डिसेंबर, शनिवार

भूषण आला. मी सांगितलं, आत्याबाई शेजारी असतानाच. मन आजारी आहे, धुळ्याला दाखवायचंय. तो आधी म्हणाला, सव्वा महिना तरी होऊ दे, लोक काय म्हणतील. आत्याबाईंनी त्याच्याकडे बघितलं. "लोके आठ महिने लेतंस, भूषण," एवढंच म्हणाल्या. त्याला अर्थ कळला नाही. मला कळला—लोकांनी त्यांच्याकडून त्याचे आठ महिने काढून घेतले होते. त्याने मग सोमवारपासूनची रजा टाकली.

३० डिसेंबर, सोमवार

सकाळीच गाडी करून निघालो. मी, आत्याबाई, मुलगी, भूषण. महिन्याने उघड्यावर आले. ऊन डोळ्यांना टोचत होतं. हरभऱ्याची शेतं हिरवीगार. बघून काहीच वाटलं नाही. पण बघितली.

सरकारी दवाखाना. आधी बायकांच्या डॉक्टरीण. त्यांनी तपासलं आणि म्हणाल्या, चीर पडली आहे, किती दिवस सोसत होतात? मी म्हटलं, महिना. त्यांनी लिहायला घेतलं. मलम, कोमट पाण्यात बसायचं, पाणी भरपूर, भाजी, डाळ, फळं. लोहाची गोळी बंद करायची नाही. चहासोबत घ्यायची नाही, लिंबूपाण्यासोबत घ्यायची. हे सगळं मला पाठ होतं. कोणीतरी मला सांगतंय, हेच नवीन होतं.

मग दुसरी खोली, मनाच्या डॉक्टरांची. तरुण मुलगी होती, माझ्यापेक्षाही लहान असेल. दहा प्रश्नांचा कागद. आत्याबाईंना बाहेर बसायला सांगणार होती. मी म्हटलं, बसू द्या.

त्या बाकावर मांडी घालून बसल्या, मुलीला घेऊन. डॉक्टर एकेक प्रश्न वाचायची, मी उत्तर द्यायचे. कारण नसताना घाबरल्यासारखं होतं का. झोप लागत नाही का. स्वतःचाच दोष वाटतो का. मध्येच माझं लक्ष गेलं, प्रत्येक प्रश्नाला आत्याबाईंचे ओठ हलत होते.

डॉक्टर म्हणाली, हा बाळंतपणानंतरचा आजार आहे, पुष्कळ बायकांना होतो. गोळी दिली. दूध पाजताना चालेल अशी आहे. दोन-तीन आठवडे लागतील फरक पडायला. तोवर एकटं राहायचं नाही, आणि गच्चीचा विचार पुन्हा आला तर थांबायचं नाही, लगेच यायचं. मी विचारलं, पोटामुळे मन बिघडलं की मनामुळे पोट? अंगात रक्त कमी, झोप नाही, दुखणं, कोंडून राहणं, सगळ्यांनी भर घातली असेल, म्हणाली. आधी कोणतं हे शोधत बसू नका, दोन्हीवर औषध घ्या.

आत्याबाईंनी एकच विचारलं. केळं चालेल का?

चालेल, म्हणाली डॉक्टर.

बाहेर भूषण उभा होता. म्हणाला, काय झालं? मी म्हटलं, घरी गेल्यावर सांगते. सगळं सांगते.

३ जानेवारी, शुक्रवार

सव्वा महिना झाला. ओटी भरली, विहिरीची पूजा झाली. सुटका झाली म्हणे!

कुठे सुटले? खिडकी उघडी आहे, ताटात मेथीची भाजी आहे, वरण आहे. पाणी हवं तेवढं. पण सकाळी डोळे उघडले की तेच. दगड पोटातून निघून छातीवर बसलाय. गोळीने तोंड कोरडं पडतं. डॉक्टर म्हणाली होती दोन-तीन आठवडे. आज पाचवाच दिवस.

आत्याबाई केळं अजून देत नाहीत. डॉक्टरने सांगितलं तरी नाही. मीही मागत नाही. त्यांच्याकडून एवढ्या दिवसांत एवढं पुरे.

८ जानेवारी, बुधवार

वाईट दिवस. चार वेळा रडले. आत्याबाई शेजारी बसून लसूण सोलत होत्या. उठून गेल्या नाहीत.

१५ जानेवारी, बुधवार

पोट साफ होतं आता, दुखत नाही. लिहायला लाज वाटते, पण हे किती मोठं सुख आहे! रात्री सलग तीन तास झोपले. मधल्या वेळी नानांनी मुलीला घेऊन अंगणात फेऱ्या मारल्या, मिरचीचे भाव सांगत.

मुलगी आज माझा पदर धरून होती. सोडवून घ्यावासा वाटला नाही. बस, एवढंच. उमाळा वगैरे काही आला नाही. पण सोडवून घ्यावासा वाटला नाही.

१९ जानेवारी, रविवार

भूषण विचारत होता, आईला काय झालंय, हल्ली माझ्याशी नजरेला नजर देत नाही. मी म्हटलं, तिलाच विचार. त्याने विचारलं नाही. ते दोघं एकमेकांच्या समोर नेहमीच पाहुण्यासारखे असतात. लग्न झाल्यापासून बघतेय. मला वाटायचं, स्वभाव.

सांगायचा हक्क माझा नाही. पण हे ओझं आता माझ्याकडेही आहे.

२७ जानेवारी, सोमवार

सुनिताशी बोलले. मे महिन्यात कामावर येईन म्हटलं. येणार की नाही, माहीत नाही. चमेलीबाईचं विचारलं. बरी आहे म्हणाली. माझा निरोप सांगायला सांगितला. काय सांगू, विचारलं तिने. म्हटलं, राहू दे, मीच येऊन बोलेन. या वेळी तिच्या सासूशी बोलेन.

५ फेब्रुवारी, बुधवार

धुळे. फेरतपासणी. खिडकीवर मी माझं नाव सांगितलं, कागद घेतला आणि बाजूला झाले. आत्याबाई हलल्या नाहीत. खिडकीत वाकून म्हणाल्या, "आनखी एक काढ भाऊ. प्रमिला हिलाल देसले. वय एकोणसाठ."

त्याने विचारलं, काय त्रास?

"झोप नही ये. मन लागस नही."

कधीपासून?

त्यांनी एकदा मागे वळून भूषणकडे बघितलं. तो मुलीला खांद्यावर घेऊन खांबापाशी उभा होता.

"हाऊ झाया तवयपासून," म्हणाल्या. "लिख, एकतीस वरीस."